बोयानच्या गाडीचं तेल

सारागोसा, ४ मार्च

प्रिय नेव्याना आत्या,

तुझी मार्तेनित्सा स्लावीकाकाच्या बसने वेळेवर पोचली. लाल-पांढरा गोंडा मनगटाला न बांधता मी गाडीच्या आरशाला बांधला. रीतीप्रमाणे पहिला करकोचा दिसेपर्यंत तिथेच राहील. हो, गाडीच्या! नवी गाडी आली माझ्याकडे. पांढरी, डिझेलची. आत बसलं की नव्या बुटांच्या खोक्यासारखा वास येतो.

आता मदत हवी. गाडीला तेल कोणतं घालायचं ते मला कुणी सरळ सांगेना. गाडीच्या पुस्तकात तीन तेलं दिली आहेत आणि तिन्ही चालतील म्हणे. गॅरेजवाला म्हणतो, सगळ्यात पातळ घाल, डिझेल वाचेल. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, इथल्या उन्हात पातळ तेल म्हणजे नुसतं सूप, जाडच घाल. शेजारचा हमीद म्हणतो, तेलाचं सोड, फिल्टर चांगला घे. आणि फिल्टर म्हणावेत तर चार! तेलाचा, हवेचा, डिझेलचा, एसीचा. दुकानात एकेकाच्या सहा-सहा जाती. काल मी त्या फडताळासमोर बराच वेळ उभा राहिलो आणि शेवटी काचा पुसायचं फडकं घेऊन घरी आलो.

लोममधल्या अर्ध्या गाड्या तू तुझ्या दुकानातल्या तेल-फिल्टरवर पोसल्यास. तूच सांग, कोणतं तेल, कोणते फिल्टर? गॅरेजच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा मी स्वतःच बदलीन म्हणतो.

आई म्हणाली, मोन्ताना गावच्या कुणीतरी दुकान विकत मागितलंय. विकून टाक, आत्या. गुडघ्यांना आराम मिळेल.

तुझा,
बोयान

*

लोम, १९ मार्च

बोयान बाळा,

गाडी लखलाभ! तुझ्या आईने बातमी ऐकल्यापासून रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगायचा सपाटा लावलाय. "आमचा बोयान तिकडे पूल बांधतो आणि नव्या गाडीने कामाला जातो." पोस्टमन दोनदा ऐकून झाला, आता तो आपल्या गल्लीत येत नाही.

तेलाचं असं आहे की तू मला गाडीचा रंग सांगितलास, वास सांगितलास आणि कामाचं काहीच सांगितलं नाहीस. गाडी कशी चालते हे कळल्याशिवाय मी तेल देत नाही. डॉक्टर पेशंटचा कोट बघून औषध देतो का? तेव्हा लिही: रोज किती चालवतोस? गावात की हायवेला? थांबत थांबत की सलग? धूळ आहे का? इंजिन चालू ठेवून उभा राहतोस का? तुझ्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. नुसतं गावात फिरवलीस तर ती जाळी तुंबते आणि तेलाचं पाणी होतं. म्हणून विचारते.

आता दुकान. मागणारा वेन्त्सी म्हणून एक पोरगा आहे. फडताळं काढून तिथे सट्ट्याची यंत्रं लावणार म्हणतो. ऑक्टोबरातल्या दिमित्रोव्हदेनच्या सणापर्यंत हो की नाही ते सांगा म्हणाला. जुनी पद्धत त्यालाही माहीत आहे, त्या दिवशी गडी बदलतात नि सौदे मिटतात. तुझ्या आजोबांनी दुकान आपल्या दोघांच्या नावावर ठेवलंय. तुझ्या शब्दाशिवाय मी विकणार नाही. दोन वर्षांपूर्वी तुला म्हटलं होतं, ये, सांभाळ. तू म्हणालास, "आत्या, मी पूल बांधणारा माणूस, फिल्टर कुठे विकत बसू!" ते बरोबरच होतं. तरी एकदा विचारते, विकू ना?

तुझी,
नेव्याना आत्या

*

सारागोसा, २ मे

प्रिय आत्या,

केवढे प्रश्न! पोलीससुद्धा एवढं विचारत नाहीत.

घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. मध्ये नदी आणि दोन सिग्नल. रविवारी थोडं फिरणं. बस. किलोमीटरचा आकडा आता अकरा हजारांवर गेलाय. धूळ भरपूर, इथला वारा तोंडात माती घालतो. आता सांग तेल.

आणि एसीचा फिल्टर कोळशाचा मिळतो ना, वास शोषणारा, तो एक पाठव. गाडीत कसले कसले वास बसतात. शिवाय आपल्याकडे सीटवर घालायची लाकडी मण्यांची बैठक मिळते ती असेल तर तीही टाक. पाठ धरते.

सोबत गाडीचा फोटो आहे. मीच आहे बाजूला, बारीक झालोय असं आईला वाटेल, तिला सांग शर्ट मोठा आहे.

दुकान विकून टाक, आत्या. माझी काळजी करू नकोस, माझं इथे छान चाललंय.

तुझा,
बोयान

*

लोम, १६ मे

बोयान,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं डोकं जास्तच फिरलं.

घर ते ऑफिस, मध्ये नदी आणि दोन सिग्नल. आणि गाडी आल्यापासून अकरा हजार? अरे, नदी म्हणजे आपली डॅन्यूब आहे का, उगमापासून मुखापर्यंत रोज ओलांडतोस? आधी वाटलं, तुला फसवलं. जुनी गाडी नवी म्हणून गळ्यात मारली. पण आपल्याकडे जर्मनीहून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आकडा लोक मागे फिरवतात. आकडा पुढे फिरवणारा ठक मी अजून पाहिलेला नाही. असा ठक स्पेनमध्ये असेल तर त्याचा पत्ता कळव, मला त्याला बघायचंय.

मग वास. पूल बांधणाऱ्या माणसाच्या गाडीत कसले वास? सिमेंटला वास नसतो.

मग फोटो. फोटो सुंदर आहे, तू खरंच बारीक झालायस आणि शर्टही मोठा नाही. पण गाडीचं छप्पर कुठाय? चाकं आहेत, दारं आहेत, आरशाला माझी मार्तेनित्सा आहे आणि वर सगळं कापलेलं. फोटो काढणाऱ्याचा हात थरथरत होता का? करकोचा अजून दिसला नाही वाटतं? इथे तर चर्चच्या खांबावर पिलंसुद्धा झालीत.

मी दुकान बंद करून बसले, कागदावर सगळं मांडलं, आणि मग मला उलगडलं. तुझी कुणीतरी मुलगी आहे. लांबच्या गावात राहते. तू तिला भेटायला धावतोस. लांबचा प्रवास, पाठदुखी, तिच्या अत्तराचा वास. छप्पर कापलं कारण फोटो तिने काढलाय नि तिचं लक्ष तुझ्याकडे होतं. बरोबर ना?

तसं असेल तर तेल सोपं आहे, हायवेची गाडी सुखी असते. पण आधी हो म्हण. कोळशाचा फिल्टर नि बैठक पाठवतेय, सोबत मिरच्यांच्या चटणीच्या, आपल्या लुतेनित्साच्या बरण्या.

आत्या

*

सारागोसा, २० जून

प्रिय आत्या,

तुझ्यापुढे कुणाचं काय चालणार! हो. आहे एक मुलगी. वालेन्सियाला असते. पण आईला इतक्यात सांगू नकोस.

तर आता हायवेची गाडी समजून तेल सांग. फक्त एक, इथे उन्हाळा असा आहे की रांगेत उभं असताना एसी बंद करता येत नाही, नाहीतर माणूस शिजतो. मग इंजिन तसंच चालू राहतं. त्याने तेलाला काही होतं का?

कोळशाचा फिल्टर फार छान. आता मागच्या सीटवरचे डाग काढायला काही असेल तर तेही सांग.

लुतेनित्सा एका दिवसात संपली. हमीदने बरणी चाटली.

तुझा,
बोयान

*

लोम, १२ जुलै

बोयान,

तुझ्या आईला मी सांगितलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं, त्यात माझा काय दोष? आता तिने कपाटातले पाहुण्यांचे ग्लास धुऊन ठेवलेत, लग्नाला कुठला ब्रास बँड बोलवायचा ते विचारत फिरतेय, आणि तुझ्या बापाने घरच्या राकिया दारूचं एक पिंप लग्नासाठी बाजूला काढलंय. तेव्हा मुलीचं नाव लगेच कळव. तुझी आई केकवर नुसतं "वालेन्सिया" लिहून घ्यायलाही कमी करणार नाही.

पण मला झोप नाही. सांग बरं, रांग कुठली? प्रेयसीला भेटायला जाणारा माणूस कुठल्या रांगेत उभा राहतो, तेही एसी लावून, रोज? आणि मागची सीट! दोघं जण पुढे बसता ना? मग मागे डाग कुणी पाडले?

मला भीती वाटायला लागलीय. आमच्या लहानपणी विदिनच्या धक्क्यावर अशाच रांगा असायच्या, लोक सीटखाली सिगारेटी लपवून आणायचे. तू काही तसलं करत नाहीस ना? खरं सांग, ओरडणार नाही. म्हणजे ओरडेन, पण मग गप्प बसेन.

तेल सांगत नाही. तू जे लिहितोस त्यावर तेल ठरवलं तर तुझं इंजिन बसेल, आणि मी ते होऊ देणार नाही. आधी खरं, मग तेल.

वेन्त्सी परवा मोजपट्टी घेऊन येऊन गेला. भिंती मोजल्या. काउंटरवर हात आपटून म्हणाला, "हे लाकूड जळणाला चांगलं." ते काउंटर तुझ्या आजोबांनी बनवलंय.

आत्या

*

लोम, ९ सप्टेंबर

बोयान,

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. स्लावी म्हणतो, स्टँडवर पार्सल घ्यायला तू आला होतास, हसलास, सामान घेतलंस आणि पळालास. पळालास म्हणजे घाईत होतास, असं तो म्हणतो. त्याला तुझी बाजू घ्यायची सवय आहे.

सगळ्या गावात मिरच्या भाजायचा धूर आहे. काल मी दुकानाच्या मागे मिरच्या भाजत होते तेव्हा किरिल आला. आपला स्टेशनसमोरचा टॅक्सीवाला किरिल, तोच, जो पुढच्या दातांची कवळी घरी विसरतो. म्हणाला, "नेव्याना, एसीचा कोळशाचा फिल्टर दे, रात्रीच्या गिऱ्हाइकांनी गाडीचा पार उकिरडा केलाय. मागच्या सीटचे डाग काढायचं काहीतरी दे. मण्यांची बैठक झिजली, तीही दे. आणि तेल. दिवसभर रांगेत उभं राहायचं, इंजिन चालू."

मी एक एक वस्तू काउंटरवर मांडली. फिल्टर, डागांची बाटली, बैठक. आणि हे सगळं मी आधी एकदा एका खोक्यात भरलंय हे माझ्या ध्यानात आलं. किरिलच्या गाडीकडे बघितलं. छपरावर ती पाटी.

बोयान, तू टॅक्सी चालवतोस.

मी रडले. किरिल घाबरला, त्याला वाटलं तेल महाग झालं. मिरच्या जळून कोळसा झाल्या. तुझी आई गावभर सांगते की मुलगा पूल बांधतो, आणि तो पोरगा परक्या गावात दारुड्यांना घरी सोडतो, बारीक होतो, आणि फोटोतलं छप्पर कापून पाठवतो. तू एवढा एकटा होतास आणि मी तुला किलोमीटर विचारत बसले.

मी वेन्त्सीला नाही सांगितलं. ठाम नाही. तो गाडीत बसला, आणि मी काय केलं माहितेय? सवयीने तांब्याभर पाणी आणून त्याच्या गाडीपुढे सांडलं, प्रवास सुखाचा होवो म्हणून! तो माझ्याकडे वेडी असल्यासारखा बघत होता.

तर ऐक. ये. दुकान तुझं आहे. वर खोली आहे, चुलीपाशी जागा आहे. कुणी काही बोलणार नाही, बोललं तर माझ्याशी गाठ आहे. बसचं तिकीट स्लावीकडे सांगून ठेवलंय.

तुझी,
आत्या

*

सारागोसा, २८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र रांगेतच वाचलं, स्टेशनबाहेरच्या. मागचा टॅक्सीवाला हॉर्न मारत होता आणि मी डोळे पुसत होतो.

हो, टॅक्सी चालवतो. गाडी माझी नाही. डॉन एउसेबियो म्हणून एक म्हातारा आहे, परवाना त्याचा, गाडी त्याची, डोळे गेले म्हणून चालवतो मी. तेलपाणी सगळं त्याने माझ्यावर सोडलंय. या वसंतात त्याने जुनी काढून ही नवी घेतली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणून मला धास्ती होती की माझ्या हातून हिचं काही वाईट होऊ नये. तेल मी खरंच त्यासाठीच विचारत होतो. बाकी सगळं खोटं होतं. वालेन्सियात कुणी मुलगी नाही. आईला ग्लास परत कपाटात ठेवायला सांग, किंवा राहू दे, मीच सांगेन.

पण आत्या, तू उलटं समजलीस. मला कुणी ऑफिसातून काढलं नाही. मीच सोडलं. तिथे मी एका पुलाचा कठडा कागदावर काढत होतो. पूल नाही, कठडा. वर्षभर. दुपारी माझ्याशी कुणी बोललं तर फक्त "प्रिंटर चालू आहे का?" एवढंच. एकदा डॉन एउसेबियोच्या गाडीत बसलो, त्याला खड्डे दिसेनात, मी म्हटलं, सरका बाजूला. आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

सुरुवातीला फजिती झाली. लोक खिडकीशी येऊन विचारायचे, मोकळी आहे का? मी आपल्याकडे "हो"ला मान आडवी हलवतात तशी सवयीने हलवायचो, आणि ते पुढच्या गाडीकडे निघून जायचे. आठवडाभर मला कळेना की या गावाला माझं काय वावडं आहे. मग म्हातारा म्हणाला, "मुला, तू सगळ्यांना नाही का म्हणतोस?" आता हात बांधल्यासारखी मान बांधून बसतो.

लोक गाडीत बोलतात, आत्या. बाळंतपणाला निघालेल्या बायका, परीक्षेला उशीर झालेली पोरं, भांडलेली जोडपी. एका आजीला मी दर गुरुवारी बाजारात नेतो, ती मला शेंगा देते. मी बारीक झालोय ते शेंगांमुळे नाही, धावपळीमुळे. पण मी दुःखी नाही. लपवलं ते आईच्या पोस्टमनसाठी.

म्हणून मी येणार नाही. आणि आता मला कळत नाही मी काय करू. तू माझ्यासाठी सौदा मोडलास. वेन्त्सीला परत बोलवता येईल का? मी माझी सही पाठवायला तयार आहे. फक्त एक विचारतो, रागावू नकोस. मार्चपासून तू त्या पोराबद्दल लिहितेस आणि गुडघ्यांबद्दल एक शब्द नाही. गुडघे दुखतात असं फक्त आई सांगते. तुला खरंच विकायचं होतं का?

तुझा,
बोयान

*

लोम, २६ ऑक्टोबर, दिमित्रोव्हदेन

बोयान बाळा,

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. मी रडले, मिरच्या जाळल्या, पाणी सांडलं, आणि हा पोरगा शेंगा खात सुखात! दोन दिवस दुकानात डबे आपटत फिरले. मग तुझ्या शेवटच्या प्रश्नाशी येऊन थांबले आणि राग कुठे गेला ते कळलं नाही.

नव्हतं विकायचं. कधीच नव्हतं. गुडघे दुखतात, पण दुकानात कमी दुखतात. मी तुला "विकू ना?" असं विचारलं आणि तुझं प्रत्येक पत्र उघडताना वाटायचं, आता तू "नको" म्हणशील. तू दोनदा "विकून टाक" लिहिलंस आणि दोन्ही वेळा मी ते पत्र दुमडून तेलाच्या डब्यांमागे ठेवलं. मला वाटत होतं, तू म्हणालास तरच मला ठेवायचा हक्क आहे. आणि तू टॅक्सी चालवतोस हे कळून वाईट वाटलं तेव्हा मी केवढ्या आनंदाने वेन्त्सीला नाही म्हटलं ते मला आता दिसतं. तुझं निमित्त झालं, बाळा. खोटं काय तू एकटाच लिहीत होतास?

आज दिमित्रोव्हदेन. सौदे मिटायचा दिवस. मी सकाळी दुकान उघडलं, काउंटर पुसलं आणि किरिलला पहिलं गिऱ्हाईक केलं. वेन्त्सीने दुसरीकडे जागा बघितली म्हणे. बरं झालं.

तुझ्या आईला मी सांगितलं. रागावू नकोस, तू सांगणार होतास त्याला पुढचं वर्ष उजाडलं असतं. ती रडली, मग म्हणाली, "मग आपण गेलो तर विमानतळावरून फुकट नेईल ना?" आता ती पोस्टमनला सांगते की बोयानच्या गाडीत स्पेनमधले मोठमोठे लोक बसतात. खोटं नाही.

आता तेल. नीट वाच. पाच-तीस नंबरचं घे, डब्यावर कमी राखेचं असं लिहिलेलं, धुराड्यातल्या जाळीला चालणारं, आणि तुझ्या पुस्तकातल्या तिघांत ते आहे का ते बघूनच घे. गॅरेजवाल्याचं पातळ नको, दुकानदाराचं जाडही नको. पुस्तकात जेवढे किलोमीटर सांगितलेत त्याच्या निम्म्यावर बदल, कारण रांगेत उभं असताना आकडा थांबतो, तेल थांबत नाही. तेलाचा फिल्टर प्रत्येक वेळी तेलाबरोबर. हवेचा त्या वाऱ्यात दोनदा झटक आणि मग नवा घाल. डिझेलचा पुस्तक म्हणेल तेव्हा. एसीचा कोळशाचा, दर उन्हाळ्याआधी, तो मी पाठवत जाईन. डागांना सोडा आणि कोमट पाणी, लगेच, वाळायच्या आत.

डॉन एउसेबियोंना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासाठी वेगळी लुतेनित्सा आहे, बरणीला निळा दोरा बांधलाय. हमीदला हात लावू देऊ नकोस.

आणि गाडीचा नवा फोटो पाठव, छपरासकट. काउंटरच्या मागे खिळा ठोकून ठेवलाय.

तुझी,
नेव्याना आत्या